टीव्हीखालच्या डब्याची जळफळ

मित्रांनो, तुमच्या ओळखीच्या एखाद्या घरात टीव्हीखालच्या फळीवर एक चपटा, काळा, जुना डबा बसलेला तुम्ही पाहिला असेल. पाहुण्यांना तो कशाचा आहे ते कळत नाही, म्हणून ते त्याच्यावर किल्ल्या नाहीतर चष्मा ठेवून गप्पा मारत बसतात. तसाच एक डबा मी आहे. मी गेम खेळायचा कन्सोल आहे. मला बोलता येत नाही, पण ऐकू सगळे येते, आणि हेवा तर फारच वाटतो. आज मी तुम्हाला माझी गोष्ट सांगणार आहे. ती सांगताना मी हेवा लपवणार नाही, कारण तो वगळला तर माझ्या गोष्टीत फारसे काही उरत नाही.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे डोक्यावर टोप्या घातलेल्या बायका ओळीने बसत. एकीने माझ्या पोटात पंखा बसवला, दुसरीने डिस्क वाचणारा डोळा बसवला, तिसरीने स्क्रू पिळले. ओळीच्या शेवटी एक ठेंगणा तपासनीस उभा असे. तो प्रत्येक डबा चालू करून कानाशी धरायचा आणि पंख्याचा आवाज ऐकायचा. माझा आवाज ऐकून तो म्हणाला, "हा गुणी आहे." मला फार आनंद झाला. मग त्याने माझ्या मागचा डबा उचलला आणि त्यालाही तो गुणी म्हणाला. मित्रांनो, मला वाटते माझ्या जळफळीची सुरुवात तिथेच झाली.

दुकानात मी काचेच्या कपाटात बराच काळ होतो. एके दिवशी एक बस ड्रायव्हर आपल्या मुलीला घेऊन आला. सुट्टीचा दिवस होता, तरी त्याची पॅन्ट ड्युटीचीच होती. मुलगी एवढीशी होती आणि एका जागी क्षणभर उभी राहत नव्हती. तिचे बाबा तिला 'मुंगी' म्हणत. दुकानदाराने मला टीव्हीला जोडले आणि एक गेम लावला. त्यात डोंगरातल्या वळणांच्या रस्त्यावरून मालाचे ट्रक न्यायचे होते. गेमचे नाव परक्या भाषेत होते, त्यामुळे त्या घरात सगळे त्याला 'घाटाचा गेम' म्हणू लागले. बाबांनी कंट्रोलर हातात घेतला, पहिले वळण घेतले आणि म्हणाले, "अरे, हा तर खरंच मागून ओढतो." ट्रकला माल भरल्यावर जसा जडपणा येतो तसा तो त्यांना जाणवला असावा. मी त्यांच्याबरोबर घरी गेलो.

माझी खरी कामाची वर्षे ती. बाबा ड्युटीवरून येत, पाय धूत आणि सोफ्यावर बसत. मुंगी दुसरा कंट्रोलर घेऊन शेजारी बसे. टीव्हीचा पडदा अर्धा तिचा, अर्धा त्यांचा. ती ट्रक सुसाट पळवायची आणि दरीत कोसळायची. बाबा मात्र प्रत्येक वळणाला दिवा दाखवत आणि लाल सिग्नल दिसला की थांबत.

"बाबा, इथे पोलीस नाहीयेत," मुंगी वैतागून म्हणायची.

"पोलीस नसले तरी सिग्नल आहे ना," बाबा म्हणायचे.

मुंगीची आई चष्म्याच्या दुकानात काम करायची. ती संध्याकाळी घरी आली की पर्समधले काच पुसायचे मऊ फडके काढून आधी माझी पाठ पुसायची, जाळीतली धूळ फुंकून काढायची, मगच स्वतःचा चष्मा पुसायची. एकदा तिने बाबांना विचारले, "दिवसभर बस चालवायची आणि घरी येऊन ट्रक. तुम्हाला कंटाळा कसा येत नाही?"

"बसमध्ये मागून सारखी कोणीतरी बेल मारतं," बाबा म्हणाले. "इथे कोणी मारत नाही."

शेजारची मुले मला बघायला येत. बाबांचे सोबती चहाला आले की एक एक फेरी मारून जात. "डबा जुना झाला, पण अजून दमत नाही हो," असे कोणी म्हणाले की माझा पंखा जरा जोरात फिरे. त्या खोलीत माझ्याशिवाय टीव्ही होता, पण माझ्यावाचून त्याला ट्रक दाखवता येत नव्हते, म्हणून त्याचा हेवा वाटायचे काही कारण नव्हते. मी सुखात होतो.

मग कॉम्प्युटर आला.

मुंगी तोवर मोठी झाली होती. ती इमारतींचे नकाशे काढायला शिकली आणि एका कचेरीचे काम घरी बसून करू लागली. त्यासाठी तिच्या खोलीत एक कॉम्प्युटर आणला गेला. तो तयार आला नाही. कॉम्प्युटर जुळवणारा एक माणूस खोकी घेऊन आला आणि त्याने जमिनीवर बसून एकेक भाग जोडला. मला माझ्या फळीवरून ते अर्धवट उघड्या दारातून दिसत होते. त्या कॉम्प्युटरला एका बाजूला काच होती. आतले पंखे, आतल्या वायरी, सगळे दिसत होते, आणि वर निळेजांभळे दिवे. मी आयुष्यभर पोट झाकून बसलो, आणि हा पोट उघडे टाकून बसला तर लोक त्याला बघायला येऊ लागले. माझ्या पोटात एक पंखा. त्याच्यात किती होते ते मी मोजले नाही, मोजावेसे वाटले नाही.

पहिल्याच आठवड्यात आईने पर्समधून ते मऊ फडके काढले, माझ्यासमोरून ती सरळ आतल्या खोलीत गेली आणि त्याचा पडदा पुसून आली. मग माझी पाठही पुसली, पण नंतर. फडक्याला त्याच्या पडद्याची धूळ लागलेली होती.

मुंगी दुपारी काम आटोपले की त्याच्यावर वेगवेगळे गेम खेळू लागली. एकदा ती मैत्रिणीशी फोनवर बोलताना मी ऐकले. "कन्सोलवर काही बदलता येत नाही गं," ती म्हणाली. "त्यांनी दिलंय तसंच खेळायचं. कॉम्प्युटरवर आपल्याला हवं तसं करून घेता येतं." मित्रांनो, मला हे फार लागले. मी बदलत नाही हा तर माझा गुण आहे असे मी समजत होतो. डिस्क घाला, बटण दाबा, गेम सुरू. मी कधी कोणाला वाट बघायला लावली नाही, कधी 'आधी हे बसवा, मग ते बसवा' असे सांगितले नाही. पण गुण कोणाला दिसतो? दिवे दिसतात.

एकच समाधान होते. बाबा माझे होते. त्यांना आतल्या खोलीतली ती खुर्ची आवडत नसे. "पाठीला टेकू नाही, आणि पडदा नाकासमोर," ते म्हणत आणि सोफ्यावर येऊन बसत. मुंगी कधी त्यांच्याबरोबर बसे, कधी नसे. ते एकटेच घाट चढत, सिग्नलला थांबत, माल पोचवत. मी मनात म्हणायचो, दिवेवाल्या, तुझ्याकडे मुंगी गेली, पण ड्रायव्हर माझ्याकडे आहे.

एके दिवशी सकाळी बाबा ड्युटीवर जायला आरशासमोर शर्ट घालत होते. शर्टाचे बटण काजात जाईना. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. मग मुंगीला हाक मारली, पण त्यांच्या तोंडून जो आवाज आला तो नाव नव्हता. मुंगी धावत आली. आई दुकानाला निघाली होती, ती जिन्यातून परत फिरली. थोड्या वेळाने घर रिकामे झाले. फळीवरून मला फक्त बटण न लागलेला तो शर्ट सोफ्यावर पडलेला दिसत होता.

बाबा दवाखान्यातून परत आले तेव्हा दारे-खिडक्यांचे पडदे बदलले होते, इतके दिवस गेले होते. त्यांना पक्षाघाताचा झटका आला होता. बोलणे पुन्हा नीट झाले. पाय थोडा ओढत, पण चालता येत होते. उजवा हात मात्र उठत नव्हता. डॉक्टरांनी सांगितले होते की आता बस चालवायची नाही. बाबा आता घरीच असत. ते सोफ्यावर बसत आणि उजवा हात डाव्या हाताने उचलून मांडीवर ठेवत, कोणीतरी सांभाळायला दिलेल्या वस्तूसारखा.

त्याच सुमारास बातमी आली की घाटाच्या गेमचा दुसरा भाग निघतो आहे. मुंगीने ती मोबाइलवर वाचली आणि बाहेर येऊन म्हणाली, "बाबा, आपला घाट परत येतोय. ह्या वेळी बर्फाचे रस्ते आहेत."

झटक्यानंतर पहिल्यांदाच बाबांनी स्वतःहून काही विचारले. "चेन लावायला देतात का टायरना?"

"देतात म्हणे."

"मग ठीक आहे. चेनशिवाय बर्फावर चढवणं म्हणजे वेडेपणा."

गेम दोन प्रकारांत निघणार होता. घाटाचे जुने खेळाडू अजून डब्यांवरच खेळत, म्हणून एक माझ्यासाठी, आणि एक कॉम्प्युटरसाठी. कोणता घ्यायचा, यावर त्या संध्याकाळी जेवताना बोलणे झाले. मी कान टवकारून बसलो होतो.

"त्यात काय विचारायचं," आई म्हणाली. "तुम्ही टीव्हीवरच खेळता ना?"

"टीव्हीवर मोठं दिसेल," मुंगी म्हणाली. "आणि सोफा आहे. कॉम्प्युटरवर बटणं आपल्या मनासारखी लावता येतात, पण ती खुर्ची बाबांना आवडत नाही."

"आपला डबाच बरा," बाबा म्हणाले. "त्याच्यावर हात बसलाय."

आईने वाढायला घेतलेला डाव भांड्यातच राहिला. सगळ्यांचे लक्ष बाबांच्या मांडीकडे गेले होते आणि सगळ्यांनी ते लगेच दुसरीकडे वळवले. मी मात्र, मित्रांनो, त्यांनी मला निवडले या आनंदात होतो. बाकीचे मला त्या क्षणी दिसलेच नाही.

कंपनीने गेमचा एक छोटा तुकडा आधी खेळून बघायला दिला होता. मुंगीने तो माझ्यावर घेतला. कित्येक महिन्यांनी माझा दिवा लागला. टीव्हीवर बर्फाचा डोंगर उभा राहिला, आणि सांगायला हरकत नाही, तो मी फार सुंदर दाखवला. बर्फावर ऊन चमकत होते. झाडावरून बर्फाचा गोळा खाली पडला तो सुद्धा दिसला. बाबा पुढे सरकून बसले. मुंगीने कंट्रोलर त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी डाव्या हाताने तो धरला आणि मग उजव्या हाताची बोटे एकेक करून उचलून बटणांवर ठेवली. वेग द्यायचे बटण उजव्या बोटाखाली होते. बोट तिथे होते, पण ते दबत नव्हते.

ट्रक उभाच राहिला. बाबांच्या डाव्या अंगठ्याने चाके नुसती इकडेतिकडे वळत होती.

"थांबा, मी बटणं बदलते," मुंगी म्हणाली. तिने सगळ्या पानांवर शोधले. आवाज कमी करता येत होता, अक्षरे मोठी करता येत होती. बटणे बदलायची सोय माझ्यासाठी केलेल्या त्या गेममध्ये ठेवलेलीच नव्हती.

"राहू दे," बाबा म्हणाले. "डबा चांगला आहे. हातच नादुरुस्त आहे." त्यांनी कंट्रोलर बाजूला ठेवला, आणि तो सोफ्यावरून खाली घसरला तरी उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी मुंगीने तोच तुकडा कॉम्प्युटरवर घेतला. दुपारभर तिच्या खोलीतून बटणांचा आवाज येत होता. मग तिने सोफ्यावरच्या दोन उशा नेऊन त्या खुर्चीला पाठीमागे बांधल्या. माझ्या समोरच्या उशा, मित्रांनो, ज्यांच्यावर इतकी वर्षे माझे खेळाडू टेकले होते. तिने बाबांना हात धरून आत नेले. दार अर्धे उघडे राहिले.

"डावीकडची ही बटणं," तिचा आवाज आला. "वळायचं, दिवा दाखवायचा, हॉर्न, आणि हा गिअर. उजव्या हाताचं काही काम नाही. आता डावा पाय पुढे करा."

तिने कुठून तरी पायाने दाबायचे एक पेडल आणून कॉम्प्युटरला जोडले होते.

पेडल एकदा करकरले. मग बाबा म्हणाले, "मुंगे, पायाखाली काहीतरी आलं गं."

एवढेच म्हणाले. पण तो आवाज मी ओळखला. ड्युटीवरून आल्यावर पाय धुऊन सोफ्यावर बसताना ते ज्या आवाजात बोलत, तो तो आवाज होता. त्या खोलीत तो निघाला आणि मी इथे बाहेर होतो. माझ्याकडे पेडल जोडायला जागा नव्हती. असती तरी कोणी मला विचारले नसते, असे मला वाटले, आणि मी आतून तापलो. चालू नसतानाही तापलो.

मग देवाला दया आली असे मला वाटले. "हे अडखळतंय का?" बाबा विचारत होते. "ट्रक मध्येच थांबतो आणि एकदम पुढे उडी मारतो." मुंगी म्हणाली की कॉम्प्युटरमधले चित्र काढणारे कार्ड नकाशांसाठी पुरते, पण ह्या गेमचे ओझे त्याला पेलत नाही. नवे कार्ड घालावे लागेल. मला गुदगुल्या झाल्या. एवढे दिवे लावून बसला होता, आणि एक डोंगर चढवता आला नाही.

माझा आनंद दुसऱ्या दिवसापर्यंत टिकला. सकाळी मुंगीने दुकानात फोन केला, आणि फोन ठेवून आईला म्हणाली, "जुना कन्सोल दिला तर ते कार्डात सूट देतात."

म्हणजे मला देऊन त्याचे पोट भरायचे. मित्रांनो, ह्याहून वाईट काही तुमच्या मत्सराला सुचत असेल तर मला सांगा.

आईने मला पुसले, वायरी गुंडाळल्या आणि कापडी पिशवीत घातले. मुंगी आणि बाबा मला घेऊन दुकानात गेले. दुकानदाराने मला जोडले, पंख्याचा आवाज ऐकला, डिस्क घालून पाहिली. "चालू आहे," तो म्हणाला. "चांगला ठेवलाय."

"मग अख्खाच कोणाला तरी विकाल ना?" बाबांनी विचारले.

"नाही हो, एवढा जुना आता अख्खा कोणी घेत नाही. आम्ही उघडतो आणि सुटे भाग काढतो. पंखा निघेल, डिस्क वाचणारा भाग निघेल. बाकीचं टाकून द्यायचं."

बाबा काउंटरला टेकून उभे होते. त्यांनी डाव्या हाताने पिशवी जवळ ओढली. "मग राहू दे," ते म्हणाले.

"बाबा, कार्ड घेतलं नाही तर गेम चालणार नाही," मुंगी म्हणाली.

"नाही चालला तर नाही. माझे भाग सुटे झालेत तेवढे पुरे आहेत, त्यात ह्याचे नको."

मुंगीने मला परत पिशवीत घातले. ती चिडली होती. घरी येईपर्यंत पिशवी तिने माझे कोपरे भिंतींना लागतील अशी धरली होती. मला त्याचे काही वाटले नाही. मी जिंकलो होतो.

पण पुढचे दिवस मी बघितले. बाबा सोफ्यावर बसून असत. टीव्ही चालू असे आणि आवाज बंद असे. ते आत जात नव्हते आणि माझ्यावरही खेळू शकत नव्हते. कधी कंट्रोलर उचलत, उजवी बोटे त्याच्यावर ठेवत, काढत, आणि तो फळीवर परत ठेवत. मी त्यांना राखले होते, पण राखून मला काय मिळाले होते? माझा दिवा तर बंदच होता.

एका सुट्टीच्या दिवशी आई मुंगीला म्हणाली, "त्या कार्डाशिवाय अगदीच दिसत नाही का ते?"

"दिसतं, पण चित्राचा दर्जा फार खाली आणावा लागेल. सगळं भुरकट होईल. झाडं काढून टाकावी लागतील. मजाच जाईल."

"माझ्याकडे दुकानात लोक येतात," आई म्हणाली. "सगळ्यांना काही लांबचं बारीक अक्षर दिसत नाही. पण येणारी बस कुठली आहे एवढं वाचता आलं की खूश होऊन जातात. तू त्यांना एकदा विचार तरी."

मुंगीने चित्राचा दर्जा खाली आणला. बाबा उशा बांधलेल्या खुर्चीत जाऊन बसले. मी दारातून तिरका बघत होतो. मला पडद्याचा एक कोपरा दिसत होता आणि जे दिसत होते ते बघून मला लाज वाटली, त्या दिवेवाल्याच्या वतीने. झाडे नव्हती. बर्फ चुन्यासारखा दिसत होता.

"डोंगर पुठ्ठ्याचे वाटतात, बाबा," मुंगी म्हणाली.

"वाटू देत. रस्ता दिसतोय ना, बास." आणि ट्रक हलला. ह्या वेळी अडखळला नाही.

त्याच दिवशी त्यांनी नुकताच निघालेला कॉम्प्युटरसाठीचा पूर्ण गेम घेतला.

मित्रांनो, माझे चित्र चांगले होते. माझा पडदा मोठा होता. माझ्या सोफ्याला टेकू होता. लोक म्हणतात की चित्र ज्याचे चांगले तो जिंकतो, आणि मी त्या पुठ्ठ्याच्या डोंगरांपुढे हरलो. रोज दुपारी मला गिअर पडल्याचा आवाज यायचा, पेडल दाबल्याची करकर यायची, बाबांचे खाकरणे यायचे. एकदा मुंगी म्हणाली, "बाबा, इथे चिटपाखरू नाही, कशाला थांबताय?" उत्तर काय येणार ते मला आधीच ठाऊक होते. ते आलेच, आणि दोघे हसले. ते उत्तर माझ्यासमोर जन्मलेले होते. आता ते त्याच्यासमोर खर्च होत होते.

मला धूळ साचू लागली. आईचे फडके अजून यायचे, पण कधीमधी. कोणीतरी माझ्यावर औषधांचा डबा ठेवला तो तिथेच राहिला.

बाबांना व्यायामाला एका केंद्रात जावे लागे. तिथल्या व्यायामवाल्या बाई एकदा त्यांना पोचवायला घरापर्यंत आल्या, पाणी प्यायला आत बसल्या आणि त्यांची नजर माझ्यावर गेली. "हे चालतं का?" त्यांनी विचारले. "आमच्याकडे मुलं येतात. कोणाचं हाड मोडलेलं, कोणाची बोटं आखडलेली. बोटं हलवा म्हटलं की रडतात. असं काही असतं तर आपणहून हलवली असती."

मुंगीने बाबांकडे पाहिले.

"सुटे भाग नाही ना करणार?" बाबांनी विचारले.

"मुलं कंट्रोलरची बटणं उपटतील, ते मी कबूल करते," बाई म्हणाल्या. "पण पेटी उघडणार नाही."

बाबांनी औषधांचा डबा उचलून दुसरीकडे ठेवला. पुढच्या खेपेला ते मला स्वतः घेऊन गेले, डाव्या खांद्याला पिशवी अडकवून. दारातून बाहेर पडताना मी आतल्या खोलीकडे पाहिले. दिवेवाला चालू होता. तो आता माझ्या घरी एकटाच राहणार होता, माझ्या माणसांबरोबर. माझी जळफळ मी पिशवीतच बांधून नेली.

आता मी त्या केंद्राच्या बाहेरच्या खोलीत, तिथल्या टीव्हीखाली असतो. माझ्या शेजारी माशांची एक काचेची पेटी आहे. मुले आधी तिच्याकडे जातात. मासे काही करत नाहीत, नुसते फिरतात, तरी त्यांच्याकडे जातात. तो हेवा वेगळा, त्याचे सांगत बसत नाही.

मागे एके दिवशी बाबा त्यांच्या पाळीची वाट बघत तिथे बसले होते. त्यांच्या शेजारी एक मुलगी होती. तिचा डावा हात बोटांपासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता. तिने माझा कंट्रोलर उजव्या हाताने उचलला, तो मांडीवर ठेवून बघितला, गुडघ्यात धरून बघितला. माझ्यात जुना घाटाचा गेम होता. ट्रक सुटला तो सरळ कठड्यावर गेला, कारण वळवायचे काम डाव्या अंगठ्याचे.

"आजोबा, तुमचा हात रिकामा आहे का?" तिने विचारले.

बाबांनी मान वळवून तिच्याकडे पाहिले. 'आजोबा' त्यांना बहुधा पहिल्यांदाच कोणी म्हटले होते. "कोणता?" त्यांनी विचारले.

"डावा."

"तो एकच आहे रिकामा," बाबा म्हणाले. ते तिच्याकडे सरकले आणि त्यांनी कंट्रोलरची डावी बाजू धरली. तिने उजवी धरली. एक कंट्रोलर, दोन माणसे, आणि दोघांच्या मध्ये ट्रक.

"मी वेग देते, तुम्ही वळवा," ती म्हणाली.

"आधी कमी दे. वळण दिसल्यावर सोड. सोड म्हटलं ना."

ट्रक दरीत गेला. मुलगी इतकी हसली की बाई आतून बाहेर येऊन बघून गेल्या. दुसऱ्या वेळी पुन्हा दरीत. तिसऱ्या वेळी तिने वळण यायच्या आधीच बोट ढिले सोडले आणि बाबांनी ट्रक अलगद वळवला. मग दोघे नुसते चालवत राहिले. आणि मला दिसले, मित्रांनो, की कंट्रोलर घसरू नये म्हणून बाबांनी सुरुवातीलाच आपला उजवा हात डाव्याने उचलून त्याच्याखाली टेकवला होता, आणि त्या हाताची करंगळी कंट्रोलरला धरून होती. ती कोणी ठेवली नव्हती. बाबांचे तिकडे लक्ष नव्हते. माझे होते.

बाबांची पाळी आली. उठताना ते मुलीला म्हणाले, "उद्या परत बघू. आज मला लवकर घरी जायचंय. बर्फाच्या घाटात माझा ट्रक भरून उभा आहे."

म्हणजे दिवेवाल्याकडे. त्यांनी माझ्यासमोर, माझा कंट्रोलर खाली ठेवता ठेवता हे सांगितले. मी खोटे सांगणार नाही, मला ते झोंबले. अजून झोंबते. पण मुलीने लगेच विचारले, "उद्या किती वाजता?" आणि ते मला ऐकू आले.

मित्रांनो, तुमच्या घरीही एक दिवस प्रश्न निघेल, नवा गेम डब्यावर घ्यायचा की कॉम्प्युटरवर. तेव्हा चित्र कोणाचे झळकते आणि दिवे कोणाला आहेत हे जरूर बघा, पण त्याच्यासमोर कोण बसणार आहे आणि त्याचे हात कसे आहेत, हे आधी बघा. मग ज्याला निवडाल त्याची जाळी पुसा, त्याच्यावर औषधांचे डबे ठेवू नका. आणि ज्याला निवडणार नाही, त्याला कोणाकडे तरी पोचवा, जिथे त्याचा दिवा लागेल. त्याला फळीवरून काढताना वायर धरून हिसका देऊ नका. पिन हाताने धरा आणि हळूच काढा. आम्हाला कळते.